दुपारी बाराचं आवतन

किसनरावांना कोणी फुकट चहा पाजला, तर कप रिकामा होईपर्यंत ते पाजणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहत. कपाचा तळ दिसला आणि तरीही समोरच्याने काही मागितलं नाही, तर त्यांना घरी जाऊन झोप लागत नसे. माणसाने काही मागितलं की त्याला काय हवं ते कळतं. जो काहीच मागत नाही, त्याला किती हवं असेल याचा अंदाज कसा करायचा?

त्यामुळे शेजारची सून अपेक्षा सकाळी सकाळी गेटाशी येऊन हसली, तेव्हा किसनरावांनी आधी गेटाची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. मग तेही हसले.

"काका, रविवारी आमच्याकडे एक छोटंसं गेट-टुगेदर ठेवलंय," अपेक्षा म्हणाली. ती नाशिककडची. विदर्भातल्या या वणीत येऊन सात वर्षं झाली तरी तिची भाषा इस्त्री केल्यासारखी. "अगदी साधं, घरच्या घरी. मातीच्या घागरींत सरबतं, कैरीचं पन्हं, झाडाला लायटिंगच्या माळा, अंगणात सतरंज्या. मोबाईलवर इतक्या छान छान कल्पना दाखवतात ना उन्हाळ्यातल्या पाहुणचाराच्या."

"कायच्या निमित्तानं?"

"निमित्त काही नाही, काका. उन्हाळा आहे म्हणून."

किसनरावांनी हे वाक्य मनात ठेवून घेतलं. वणीत उन्हाळा आहे म्हणून लोक दारं-खिडक्या लावून घेतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात. उन्हाळा आहे म्हणून लोकांना घरी बोलावणारा माणूस त्यांनी सदुसष्ट वर्षांत पाहिला नव्हता.

"किती वाजता?"

"बाकी सगळे संध्याकाळी सहाला येतील. तुम्ही मात्र बाराला या."

"दुपारी?"

"हो. जेवायलाच या."

"अन् आमच्या घरचे?"

"काकूंना सहाला." अपेक्षा अडखळली. "आईंनी तसंच सांगितलंय. तुम्ही एकटेच बाराला."

ती गेली. किसनराव कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी वर पाहिलं. वर आंबा होता.

सगळं प्रकरण त्या आंब्याचं होतं. झाडाचं खोड वॉलकंपाउंडच्या पलीकडे, शालिकरावांच्या प्लॉटात. पण झाडाने या भिंतीचा मान कधी ठेवला नव्हता. निम्म्याहून अधिक फांद्या किसनरावांच्या अंगणात उतरल्या होत्या. प्लॉटांच्या त्या अख्ख्या ले-आउटमध्ये किसनरावांचं घर असं होतं, की दुपारी तीन वाजता सूर्य पश्चिमेकडून थेट त्यांच्या निजायच्या खोलीत शिरावा. तो शिरत नव्हता, कारण मधे आंबा होता. त्याच्या सावलीत त्यांची खाट होती, खिडकीतला कूलर होता आणि दुपारची झोप होती. हे झाड गेलं असतं, तर किसनरावांना उरलेलं आयुष्य तव्यावर काढावं लागलं असतं.

आणि झाड जाणार होतं. गेल्याच आठवड्यात इम्तियाज वेल्डिंगवाला टेप घेऊन शालिकरावांच्या अंगणात मोजमाप करताना त्यांनी भिंतीवरून पाहिला होता. शालिकरावांचा पिंटू, अपेक्षाचा नवरा, खाणीच्या ऑफिसात नोकरीला. त्याने नवी पांढरी गाडी घेतली होती, आणि गाडीवर रोज झाडाचा चीक अन् पाखरांची घाण पडत होती. इम्तियाजने आधी गाडी मोजली, मग अंगण मोजलं, मग झाडाच्या खोडाला टेप गुंडाळला. गाडीच्या शेडसाठी खोडाचा घेर कशाला लागतो, हे किसनरावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"माह्यी सही पाह्यजे त्यायले," ते घरात येऊन बायकोला म्हणाले. "झाड तोडाची परवानगी घ्याची तं शेजाऱ्याची सही लागत असन. म्हणून एकट्याले बोलावलं. जेवू घालतीन, अन् विड्यासंग कागद पुढं करतीन."

बेबीताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "अन् तुम्ही सही कराल?"

"म्या कायले करू?"

"मंग जेवून या ना. तुमचं काय जाते?"

हेही संशयास्पद होतं. चाळीस वर्षांच्या संसारात बेबीताई त्यांच्या म्हणण्याला इतक्या लवकर कधी राजी झाल्या नव्हत्या.

वास्तविक त्या घरी जेवायला जाणं ही साधी गोष्ट नव्हती. किसनराव आणि शालिकराव एकमेकांशी आठ वर्षं बोलत नव्हते. त्याआधी दोघांनी एकाच वर्षी प्लॉट घेतले, एकाच मिस्त्रीकडून घरं बांधली आणि त्याला दोघांनी मिळून शिव्या दिल्या. मग पिंटूच्या सोयरिकीची बोलणी निघाली, नाशिकचे पाहुणे आले, आणि शालिकरावांनी आपल्या झाडाच्या आंब्यांचा रस केला. शेजारी म्हणून किसनराव पंगतीला होते. वाटी पुढ्यात आली तशी त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "शालिक, पुडीचा वास येते काय रे याले?"

पुडी म्हणजे आंबे झटपट पिकवायची ती विषारी पुडी. नाशिकच्या पाहुण्यांनी आपापल्या वाट्या खाली ठेवल्या. सोयरीक झाली, लग्नही झालं. पण शालिकराव त्या दिवसापासून जे गप्प झाले ते झालेच. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. किसनराव मोक्षधामात गेले, त्यांच्यासाठी लाकूड ठेवून आले. त्या दिवशीही दोघं बोलले नाहीत.

रविवारी सकाळी बेबीताईंनी त्यांना नाश्ता दिला नाही.

"पोहे?"

"तिथं जेवाचंच हाये ना. उपाशीच जा."

"चहा?"

"अर्धा कप घ्या. अन् आंघोळ डोक्यावरून करा."

सही द्यायला जाणाऱ्या माणसाने डोक्यावरून आंघोळ का करावी? त्यांनी तारीख पाहावी म्हणून कॅलेंडरकडे नजर टाकली, तर कॅलेंडरच्या खिळ्याला बेबीताईंनी भाजीची पिशवी टांगून ठेवली होती. आठवडाभर गांधी चौकात कुंभारांनी लाल घागरींचे ढीग मांडले होते; येता-जाता ते त्यांनी पाहिले होते, आणि अपेक्षाने त्यातल्या बऱ्याच घेतल्याचंही पाहिलं होतं. सरबताला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. डोक्यात झाड उभं असलं की माणसाला झाडाखालचं काही दिसत नाही.

बेबीताईंनी पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी काढून ठेवली होती. किसनरावांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढून फळीवर ठेवलं. क्षणभर विचार केला, आणि चष्माही काढून पेनाशेजारी ठेवला. वाचताच आलं नाही, तर सही कशावर करणार? आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की गेटाच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला.

शालिकरावांचं अंगण अपेक्षाने सजवलं होतं. किसनरावांना चष्म्याशिवाय ते सगळं रंगांच्या डागांसारखं दिसलं. झाडाखाली ओळीने लाल डाग, त्या घागरी. त्यांच्या गळ्यात आंब्याची पानं, तोंडाशी हिरवा पुदिना. फांद्यांना कागदी पंखे टांगलेले. मोठा कूलर घरातून बाहेर आणून अंगणात उभा केलेला, आणि त्याच्यासमोर हात पसरून एक माणूस हवा खात होता. आवाजावरून तो इम्तियाज निघाला.

"सलाम, काका. या, या. एकदम ठंडा हाये अथी."

"तू अथी काहून?"

"लायटिंगच्या माळा लावून राह्यलो ना. भाभीनं बोलावलं."

"अन् नाप घेतलं काय?"

"घेतलं ना. शेड मस्त बसते, काका. फक्त झाड मधात येऊन राह्यलं."

हे वाक्य इम्तियाज इतक्या मोकळेपणाने बोलला, की किसनरावांना संशय घ्यायलाही जागा मिळाली नाही. याचा त्यांना राग आला.

घरातून पिंटू आला. त्याच्या हातात तांब्या आणि परात होती. तो काहीसा अवघडलेला दिसत होता. "काका, पाय इथं ठेवा."

"कायले?"

"धुतो."

किसनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचे पाय शेवटचे कोणी धुतले होते ते त्यांच्या लग्नात, आणि त्याची फेड अजून चालू होती. "झाडाचं काय ते आधी बोलू," ते म्हणाले.

"आधी जेवा, काका. मंग बोलू."

म्हणजे विड्यासोबत. अंदाज बरोबर होता. किसनरावांनी पाय परातीत ठेवले. पाणी थंड होतं, वाळ्याचा वास येत होता. ते त्यांना आवडलं, आणि आवडलं म्हणून त्यांनी चेहरा अधिक कडू केला.

आंब्याच्या खोडाशी रांगोळीत पाट मांडला होता. एकच पाट. इतक्या सजवलेल्या अंगणात जेवणारा माणूस एक, आणि बाकी सगळे उभे. किसनराव बसले. समोर भिंतीला टेकवून एक चौकोनी चकाकती वस्तू ठेवली होती, तिला पिवळी झेंडूची माळ. हीसुद्धा मोबाईलवरची कल्पना असणार. अंगणात आरसा. आरशात पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मिशा असलेला माणूस त्यांच्याकडे पाहत होता. आपण फारच रागावलेले दिसतो असं वाटून त्यांनी चेहरा सैल केला. आरशातला माणूस रागावलेलाच राहिला. त्यांनी टोपी नीट केली. आरशातल्या माणसाने टोपी नीट केली नाही.

किसनराव पाटावरून पुढे वाकले.

तो शालिक होता. फोटोला हार होता, पुढे उदबत्ती होती, आणि शेजारच्या लाल घागरीच्या तोंडावर पुदिना नसून खरबूज ठेवलेलं होतं.

"आज," किसनराव सावकाश म्हणाले, "आखाजी हाये."

"हाव," मागून विमलताईंचा आवाज आला. शालिकरावांच्या बायको, डोक्यावर पदर घेऊन, हातात कुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "पहिली आखाजी हाये ह्यायची."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, या भागात पितरं जेवायला येतात. ती आपापली येत नाहीत. त्यांच्या नावाने एखाद्या जिवंत माणसाला बोलवावं लागतं. त्याचे पाय धुवायचे, त्याला कुंकू लावायचं, पुढ्यात ताट मांडायचं. ताटावरून उठेपर्यंत तो माणूस तो माणूस नसतो. तो घरातला गेलेला असतो. तो पोटभर जेवला की गेलेला वर्षभर समाधानी. किसनरावांच्या घरची पितरं गावाकडे थोरल्या भावाकडे जेवत, म्हणून वणीत हा सण त्यांच्या डोक्यातून दरवर्षी निसटे. या वर्षी तो निसटायला झाडाने आणि भाजीच्या पिशवीने मदत केली होती.

"वहिनी, मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं आले असते?"

"तुमची भावकी केवढी हाये. मीच काहून?"

विमलताईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "भावकी महिन्यातून एकदा फोन करते. ह्यायचं नाव रोज घेणारं माणूस पाह्यजे होतं. तुम्ही तं रोज सकाळी या झाडाकडं पाहून त्यायले काही ना काही बोलत राह्यता. मले स्वयपाकघरातून ऐकू येते."

उठून जावं, असं किसनरावांना वाटलं. पण पितर ताटावरून उठला तर शालिक वर्षभर उपाशी. किसनरावांनी लोकांचं पुष्कळ वाईट केलं असेल, पण उपाशी कोणाला ठेवलं नव्हतं. शिवाय बेबीताईंनी पोहे दिले नव्हते. बेबीताईही यात होत्या तर. संशयाचं हे एक सुख असतं, की तो उशिरा का होईना, घरापर्यंत पोचतो.

अपेक्षा वाढू लागली. वडे आले, कुरडया आल्या, चिंचगुळाची चिंचोणी आली, शेवया आल्या. पन्हं याच झाडाच्या कैरीचं होतं; ते त्यांनी पहिल्याच घोटाला ओळखलं. मग पितळी वाटीत रस आला.

किसनरावांनी वाटी उचलली आणि नाकाशी नेली. हे त्यांनी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप वर गेला.

अंगणात सगळे थांबले. इम्तियाज कूलरजवळून दोन पावलं पुढे आला. आठ वर्षांपूर्वी तो इथे नव्हता, पण ती गोष्ट सगळ्या ले-आउटला पाठ होती.

"हा रस या झाडाचा नाही," किसनराव म्हणाले.

"काका," पिंटू म्हणाला, "झाडाचा आंबा पिकाले अजून महिना हाये. हा बाजारचा बेगनपल्ली आहे. चांगला पाहून आणला."

"काका नोको म्हणू," विमलताई शांतपणे म्हणाल्या. "ताटावर हायेत तोपर्यंत ते तुहे बाबा हायेत."

खाणीच्या ऑफिसात रोज मोठ्या साहेबांशी बोलणारा पिंटू अंगणात बसलेल्या शेजाऱ्याकडे आणि मग फोटोकडे पाहत राहिला. "बाबा," तो शेवटी म्हणाला, आणि तो शब्द बोलल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. "बाजारचा आहे. पण गोड आहे."

याच क्षणी किसनरावांच्या ध्यानात आलं, की आपल्याला सही नाकारायचीही गरज नाही. आपण ज्या पाटावर बसलो आहोत, तिथून बोललेलं या घरात कोणाला खोडता येत नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि घसा खाकरला. शालिकराव बोलण्याआधी असाच घसा खाकरत.

"माह्या झाडाचा रस भेटल्याबिगर माह्यं पोट भरत नाही," ते म्हणाले.

"एका महिन्यानं वाढू, बाबा. झाडाचा पहिला उतार तुमच्या फोटोपुढं ठेवू. शेडचं काम जूनमधी काढू."

"अन् पुढच्या आखाजीले?"

पिंटूने इम्तियाजकडे पाहिलं.

"पितर एकाच साली येते काय? पुढच्या साली पन्हं कायचं देशीन? तुह्या शेडच्या पत्र्याचं?"

इम्तियाज खोकला. तो खोकला हसण्याचा होता, पण गिऱ्हाइकासमोर त्याने त्याला खोकल्याचंच रूप दिलं.

पिंटूही शालिकरावांचाच मुलगा होता. "बाबा, तुम्हीच तं म्हणत होते," तो म्हणाला. "रोज पानं झाडून झाडून वैतागत होते. तोडतो एकदाचं हे झाड, असं मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं."

किसनरावांनीही ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "म्हणत होतो," ते म्हणाले. "तोडलं काय?"

पिंटूने वर पाहिलं. त्याने झाडाकडे असं पाहण्याची बहुधा बऱ्याच दिवसांतली ही पहिलीच वेळ होती. गाडीवर घाण पडल्यावर माणूस झाडाकडे पाहतो, ते वेगळं. मग तो इम्तियाजजवळ गेला. दोघं हळू आवाजात बोलू लागले, आणि थोड्या वेळाने टेप ओढल्याचा आवाज अंगणाच्या दुसऱ्या बाजूने, तुळशीवृंदावनापलीकडून आला.

किसनराव मनातल्या मनात सैलावले. त्यांनी वडा चिंचोणीत बुडवला. काम झालं होतं, आणि तेही पेन घरी ठेवून.

"मले एक विचाराचं हाये," विमलताई म्हणाल्या. त्या समोर, फोटोशेजारी, जमिनीवर बसल्या होत्या. त्या कोणाकडे पाहून बोलत आहेत, फोटोकडे की पाटाकडे, हे चष्मा नसलेल्या माणसाला सांगणं कठीण होतं. "बाजारचा रस कसा ओळखला?"

"वासावरून."

"मंग त्या वर्षी काहून नाही ओळखला? तवा तं झाडाचाच होता. गवतात आढी घालून म्या माह्या हातानं पिकवला होता."

किसनरावांचा घास हातात राहिला. कूलर घरघरत होता. त्यांना वाटलं, आता मी किसन म्हणून बोललो तर ताट मोडेल, आणि शालिक म्हणून बोललो तर शालिक काय म्हणाला असता?

"त्या वर्षी वास किसनानं घेतला होता," ते म्हणाले. "म्या नाही."

"मंग किसनानं काहून नाही ओळखला?"

"ओळखला होता त्यानं." हे ते ताटाकडे पाहून बोलले. "लगेच ओळखला होता. पण तू पाह्यलं ना, म्या पाहुण्यायसमोर किती फुशारकी मारून राह्यलो होतो. असा आंबा अख्ख्या वणीत नाही, म्हणे. माह्या हातचं झाड, म्हणे. या झाडाले पहिले तीन उन्हाळे पाणी किसनाच्या बोरिंगचं गेलतं. नळी भिंतीवरून टाकत होता तो. त्याचं नाव म्या एकदाही घेतलं नाही. तं त्याले वाटलं, जरासं उतरवावं याले."

"जरासं," विमलताई म्हणाल्या.

"जास्त उतरलं."

"अन् हे ह्यायले येऊन सांगतलं काहून नाही त्यानं? आठ वर्सं होती."

"येत होता. कितीक वेळा गेटापर्यंत आलता." किसनरावांनी कुरडईचा तुकडा मोडला आणि तो खाल्ला नाही. "मंग त्याच्या मनात येई, आता आपण आपलं होऊन गेलो, तं शालिकले वाटन, याले काही मागाचं हाये."

विमलताईंनी पदराने फोटोची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. "ह्यायले तसंच वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "हे काही कमी नव्हते. खा आता. रस गरम होऊन राह्यला."

किसनरावांनी रस खाल्ला. बाजारचा होता, पण पुडीचा नव्हता. त्यांनी दुसरी वाटी मागितली, आणि कोणाच्या नावाने मागितली ते स्पष्ट केलं नाही.

विडा आला. त्यांनी विड्याखाली हात घालून चाचपून पाहिलं. कागद नव्हता. तबकातही नव्हता. तोंडात विडा कोंबून ते वाट पाहत राहिले, आणि शेवटी त्यांच्या पुढ्यात आली ती पाण्याने भरलेली लाल घागर, वर खरबूज. पितराला घागर देऊनच पाठवायचं असतं. अपेक्षाने घागरीच्या गळ्यातली आंब्याची पानं तशीच ठेवली होती. तिच्या मोबाईलने आणि या गावाने, एकमेकांना न विचारता, एकच सजावट सांगितली होती.

गेटापर्यंत विमलताई सोबत आल्या. किसनराव घागर छातीशी धरून जपून चालत होते.

"वहिनी, एक सांगा. कागद नव्हताच?"

"कायचा कागद?"

"झाडाचा. सहीचा."

"नाही जी. पिंटू म्हणे, मले कोणाची सही लागत नाही, अंगण आपलं हाये. म्या नको म्हटलं तं ऐके ना. म्हणे, आई, तू उगाच जीव लावते, बाबा असते तं त्यायनं तोडू दिलं असतं." विमलताईंनी गेट उघडलं. "म्या म्हटलं, मंग आखाजीले बाबालेच विचारू."

किसनराव थांबले. घागरीतलं पाणी डुचमळून त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. "म्हणजे तुम्ही मले याच्यासाठी..."

"अन् झाडाचा नाही तं बाजारचा, पण रस मुद्दाम आणाले सांगतला," विमलताई म्हणाल्या. "वास घेतल्याबिगर तुम्ही राह्यत नाही, हे मले माहीत होतं."

आठवडाभर त्यांनी आवतनावर, विड्यावर, बायकोवर, वेल्डिंगवाल्यावर संशय घेतला होता. संशय घ्यायचा राहिला होता तो एकट्या या बाईवर. आयुष्यभराच्या सवयीला असा धक्का बसला, की त्यांना पहिल्यांदाच कोणाबद्दल आदर वाटला.

"संध्याकाळी सहाले किसनरावाले पाठवा," विमलताई गेट लावताना म्हणाल्या. "शेजारी राहते तो. सरबत हाये, भजे हायेत. म्हणावं, वास घेतला तरी चालन."

घरी बेबीताई खाटेवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. कॅलेंडरच्या खिळ्यावरची पिशवी काढलेली होती. किसनरावांनी घागर झाडाच्या सावलीत, भिंतीच्या कडेला टेकवली. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग कपाळावरचं कुंकू न पुसता खाटेवर आडवे झाले. पानांमधून ऊन हलत होतं. कैऱ्या अजून हिरव्या होत्या.

"मंग?" बेबीताईंनी विचारलं. "झाडाचं काय झालं?"

किसनरावांनी टोपी तोंडावर ओढली.

"शालिक नाही म्हणला."